गालावरचे चौकोन

त्या वर्षी आमच्या घरात शेंगांची चटणी माझ्यापासून लपवून ठेवली जायची. धारवाडातल्या मराठी घरात भाकरी आणि शेंगांची चटणी यांची फारकत करणं म्हणजे शिक्षाच, पण शेंगदाण्यानं पुटकुळ्या वाढतात असं कुणीतरी आईला सांगितलं होतं आणि आईनं ते फार मनावर घेतलं होतं. चटणीपाठोपाठ लोणचं गेलं, तळण गेलं, पेढा गेला. सकाळी आई भाकरी थापायला बसली की तो थपथप आवाज मालमड्डीतल्या आमच्या घरात अगदी मागच्या खोलीपर्यंत यायचा. त्या आवाजानंच मला जाग यायची आणि जाग आल्याआल्या पहिला हात गालाकडे जायचा. रात्रीत नवीन काही उठलंय का, ते बोटानं चाचपायचं. उठलेलं असायचंच. मग ताकात भाकरी कुस्करून खायची आणि ओढणी गालावर ओढून पी.यू.सी.च्या, म्हणजे अकरावीच्या, वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं.

पुटकुळ्या हा शब्द तसा फार हलका आहे. माझ्या दोन्ही गालांवर, जबड्याच्या कडेनं, सुपारीसारख्या टणक गाठी होत्या. त्या दुखायच्या, पिकायच्या, फुटायच्या आणि जाताना खड्डा ठेवून जायच्या. कुशीवर झोपता यायचं नाही. उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचे आणि आई ते काही न बोलता वेगळे धुवायची. आमचे अप्पा जिल्हा पंचायतीच्या कचेरीत होते. स्वभावानं भित्रे. गॅसची कळ बंद केली का हे बघायला ते फाटकापासून परत यायचे. माझ्या तोंडाकडे ते सरळ बघायचेच नाहीत, बोलताना माझ्या खांद्याच्या वर कुठंतरी बघायचे. त्यांना ते बघवत नाही, असा मी अर्थ काढायची. एक दिवस त्यांनी ओळखीच्या औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पाकिटं आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रोज एक घे गं वैशू. दुकानदार म्हणाला, पुष्कळांना गुण येतोय." मी निमूट घ्यायला लागले. आता मी स्वतः वर्गावर शिकवते, केस पिकायला लागलेत, आणि मागच्या बाकावर केसांनी गाल झाकून बसलेली एखादी मुलगी दिसली की फळ्यावर लिहिता लिहिता माझी बोटं अजून आपल्या जबड्याच्या कडेला जातात.

आमच्या घरात न घाबरणारं माणूस एकच, ती म्हणजे माझी आत्या. अप्पांची थोरली बहीण, म्हणून आई आणि अप्पा दोघंही तिला अक्का म्हणायचे. ती हुबळीला, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात एकटीच राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, त्यामुळं समोरच्या माणसाशीसुद्धा ती दूरच्या गावाशी बोलल्यासारखी मोठ्यांदा बोलायची. दर रविवारी सकाळच्या बसनं यायची, हातात भाजीची पिशवी, आणि फाटकातूनच तिचा आवाज घरात शिरायचा. एका रविवारी तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तसं करायचं धाडस दुसऱ्या कुणाला नव्हतं. जरा वेळ बघून म्हणाली, "ह्याला आता लेझर करायला पाहिजे."

लेझर हा शब्द आमच्याकडे तोवर कुणी उच्चारलेला नव्हता.

"आमच्या हुबळीत कोप्पीकर रोडला नवीन निघालंय," आत्या म्हणाली. "माझ्या ओळखीच्या बाईच्या पोरीला केलंय. कसली कापाकापी नाही, टोचाटोची नाही. नुसता उजेड मारतात. पोरीचं तोंड बघ की, कसं लख्ख झालंय!"

"भाजत बिजत नाही ना, अक्का?" अप्पांनी विचारलं.

"उजेडानं कोण भाजतंय रे? तू सुम्निरु," म्हणजे गप्प बस, असं आत्यानं त्यांना कानडीत दटावलं. अप्पा खरोखरच गप्प बसले. आईनं माझ्याकडे बघितलं. मला आशा वाटत होती, आणि ती आशा कुठं संपते आणि भीती कुठं सुरू होते ते मला कळत नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा तापला होता. त्याआधीच्याच आठवड्यात मी कॉलेजच्या शिबिरात दिवसदिवस उन्हात झाडांना आळी करून आले होते, तोंड रापून काळं झालं होतं. एका दुकानाच्या वर, अरुंद जिन्यानं चढून जायचं होतं. वर मात्र सगळं थंडगार आणि गुलाबी. भिंतीवर गोऱ्यापान बायकांची चित्रं. तिथल्या बाईंनी पांढरा कोट घातला होता, म्हणून आम्ही त्यांना डॉक्टर म्हणालो; त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. आत्याला बाहेर बसवून मला आतल्या खोलीत नेलं, खुर्चीवर आडवं केलं आणि डोळ्यांवर जड काळा चष्मा चढवला. सगळा अंधार झाला. मग गालावर थंड, बुळबुळीत काहीतरी थापलं, यंत्राची घरघर सुरू झाली, आणि कानाजवळ एक बारीक शिट्टी चढत चढत जाऊन थांबली.

पहिला झटका बसला तेव्हा चष्म्याच्या आतसुद्धा सगळं पांढरंफटक झालं. कडकडीत तापलेलं रबर ताणून गालावर सोडावं तसं. जळक्या केसांचा वास आला. मी दचकून मान हलवली तर बाईंनी दुसऱ्या हातानं माझं कपाळ दाबून धरलं. दुसरा झटका, तिसरा. माझ्या जबड्यातून कळ निघून कानात गेली. मी म्हणाले, "थांबा." मग जोरात म्हणाले, "थांबा हो, भाजतंय!" आणि घाईघाईनं कानडीतही म्हणाले. बाई म्हणत होत्या, "आत्री, आत्री," झालं, झालं. पण झालं नव्हतं. शिट्टी चढायची, थांबायची, आणि त्या थांबण्यातली भीती झटक्याहून वाईट होती. त्यांनी एक गाल पुरा केला आणि मग माझं तोंड वळवून दुसराही केला.

धारवाडच्या बसमध्ये खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा लागत होता. आत्या ओल्या रुमालानं मला वारा घालत होती आणि जरा लाल व्हायचंच असं पुन्हा पुन्हा सांगत होती, पण तिचा आवाज हळू झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. घरी पोचेपर्यंत माझे डोळे सुजून बारीक झाले होते. दुसऱ्या दिवशी गालांवर फोड आले, फोडांच्या खपल्या झाल्या, आणि त्यांचा आकार सगळ्यांना दिसला. ते चौकोन होते. यंत्राचं तोंड जिथं जिथं टेकलं होतं तिथं तिथं, ओळीनं, विटा रचाव्यात तसे काळपट लाल चौकोन. आत्यानं त्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, काही नाही, बर्फ लावा. नंतर फोन उचलणंच बंद झालं.

त्यानंतरचे दिवस मला आवाजांनीच आठवतात. आई भाकरी थापायची, पण हळू, जणू तो आवाजही मला लागेल. चावताना गाल ताणले जायचे म्हणून ती मला नाचणीची अंबील करून द्यायची आणि वाफ तोंडावर नको म्हणून आधी ताटलीत ओतून, फुंकून निववायची. अप्पा कचेरीतून आले की चपला काढल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. रविवारी आत्या आली. फाटकातून तिचा आवाज आला नाही, नुसती कडी वाजली. ती माझ्या कॉटजवळ आली, मला बघितलं, आणि तिनं माझ्या गालाकडे हात पुढं केला. आई मध्ये येऊन उभी राहिली; अप्पा दारातच होते. माझी आई आत्याला कधी उलटून बोललेली मी ऐकली नव्हती. त्या दिवशी ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, पुरे झालं. माझ्या पोरीच्या तोंडाला आता तुमचा हात नको."

भाजीची पिशवी आत्यानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि आल्या पावली निघून गेली. त्यानंतर रविवार आले नि गेले, ती आली नाही. अप्पा सकाळपासून फाटकाकडे बघत बसायचे. हे घर माझ्या तोंडामुळं मोडतंय असं मला वाटायचं, आणि गालांपेक्षा ते जास्त जाळायचं.

दुसरी एक भीती मी कुणालाच सांगितली नव्हती. तो पांढरा उजेड माझ्या डोळ्यांत शिरलाय आणि मी हळूहळू आंधळी होणार, असं मला खात्रीनं वाटत होतं. रोज उठल्यावर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक अक्षरं मी वाचून बघायची, एक डोळा झाकून, मग दुसरा. आकाशात वीज चमकली तरी मी चादरीत शिरायची. कॉलेजच्या वाटेवर जाळीच्या दारांना वेल्डिंग करणाऱ्याचं दुकान होतं. पहिल्यांदा बाहेर पडले त्या दिवशी त्याच्या ठिणग्यांचा निळा लखलखाट भिंतीवर दिसला आणि मी भर रस्त्यात तोंड झाकून खाली बसले. कुणीतरी अप्पांना बोलावून आणलं. त्यांनी मला हाताला धरून घरी नेलं. मी सांगून टाकलं की आता मी कॉलेजला जाणार नाही. कधीच नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनी रजा टाकली, स्कूटर बाहेर काढली आणि मला म्हणाले, "चल. खऱ्या डॉक्टरला दाखवू."

त्या डॉक्टरीणबाई वयानं पोक्त होत्या, आवाज कोरडा. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि पहिल्यांदा माझे डोळे तपासले, नीट, उजेड मंद ठेवून. "डोळ्यांना काही झालेलं नाही," म्हणाल्या. मी न सांगता त्यांना कसं कळलं कोण जाणे. मला रडू फुटलं. ते ओसरेपर्यंत त्या थांबल्या, मग प्रश्न सुरू केले. आधी थोड्या जागेवर करून बघितलं होतं का? नाही. उन्हात फिरली होतीस? हो. त्या वेळी कुठली गोळी चालू होती? मी पाकिटाचा रंग सांगितला, नाव अप्पांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली.

"ही कुणी दिली?"

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. "दुकानातून आणली," ते म्हणाले.

"ह्या गोळीनं कातडी उजेडाला नाजूक होते. त्यात ऊन लागलेलं, त्यात आपली सावळी कातडी. तिथं त्यांनी विचारायला पाहिजे होतं, दिवा कमी ठेवायला पाहिजे होता. ती चूक त्यांचीच." त्यांनी माझा गाल बोटानं हलकेच ताणून बघितला. "आणि हे लेझर नव्हतंच, बाळ. तो नुसता झगझगीत दिवा. लेझरचं नाव विकलं जातं, म्हणून सगळ्यालाच लेझर म्हणतात." चौकोन जातील का, असं अप्पांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जातील. पण सावकाश. घाई केलीत तर राहतील."

संध्याकाळी आई शेगडीपुढं होती, तव्यावर भाकरी फुगत होती. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "गोळ्या मी आणल्या होत्या," ते म्हणाले. "डॉक्टरला न विचारता. त्यानंच जास्त भाजलं. तू अक्काला बोललीस, आणि मी तिथंच उभा होतो." आईचा हात पिठात तसाच राहिला. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "फोन लावा अक्कांना." अप्पांनी नंबर फिरवला. पलीकडून आत्याचा आवाज आला, तोच, घरभर ऐकू येणारा. आईनं रिसीव्हर घेतला आणि इतकंच म्हणाली, "रविवारी वांग्याची एणगाई करतेय. जेवायलाच या." त्या रविवारी फाटकातूनच आत्याचा आवाज पुन्हा घरात शिरला.

चौकोन खरंच सावकाश गेले. लालाचे काळे झाले, काळ्याचे तपकिरी, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला उजेडात निरखून बघितलं तरच दिसतील इतके फिकट. दरम्यान डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून, दर महिन्याला बोलावून, वेगळ्या गोळ्यांनी गाठी बसवल्या. शेंगांची चटणी त्यांनीच परत आणली, "दाण्यांचा काय गुन्हा?" असं त्या आईला म्हणाल्या. मी कॉलेजला जायला लागले, वेल्डिंगचं दुकान टाळून, लांबच्या वाटेनं. राहिले होते ते खड्डे, आणि त्यांच्या बुडाशी न जाणारी लाली. एक दिवस त्या म्हणाल्या, "ह्याला आता खरं लेझर करता येईल. आपल्यासारख्या कातडीला चालतं असं. कर असं मी म्हणत नाही, करता येईल म्हणतेय. तू ठरव."

जळक्या केसांचा वास त्या खोलीत नसताना मला आला. घरी कुणी मला हो म्हण असं म्हणालं नाही, नको म्हण असंही म्हणालं नाही. मी आठवडेच्या आठवडे ठरवलं आणि मोडलं. शेवटी गेले ते काही धीर आला म्हणून नव्हे. भीती अशीच आयुष्यभर लांबच्या वाटेनं चालायला लावणार, ह्याची मला जास्त भीती वाटली.

यंत्र हुबळीतल्या एका दवाखान्यात होतं, तिथं डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा जायच्या. आम्ही पोचलो तर आत्या आधीच दारात उभी. आत शिरल्या शिरल्या तिनं पोलक्याची बाही कोपराच्या वर सारली आणि हात पुढं केला. "डॉक्टर, आधी माझ्यावर मारा. मला किती भाजतंय ते बघू, मग पोरीला."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तुमच्या हातावरून हिच्या गालाचं काही कळायचं नाही हो. तिचं तिच्यावरच बघावं लागतं." आत्याची बाही तशीच वर राहिली, मग तिनं ती हळूहळू खाली केली. माझ्या जबड्याखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, डॉक्टरीणबाईंनी एकच ठिपका मारला आणि आम्हाला घरी पाठवलं. काही आठवडे थांबायचं, जागा काळी पडते का ते बघायचं. ते थांबणं कसं काढलं ते मलाच ठाऊक. मी लहान आरसा जबड्याखाली धरून त्या ठिपक्याकडे इतकी बघायची की त्याच्या शेजारचा तीळसुद्धा मला संशयास्पद वाटायला लागला. ठिपका गुलाबी झाला, मग नाहीसाच झाला.

मग तो दिवस आला. पुन्हा आडवी खुर्ची, पुन्हा काळा चष्मा, पुन्हा अंधार. अंधारातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "उजवा हात मोकळा ठेव. वर केलास की मी थांबणार. कारण विचारणार नाही."

पहिला झटका बसला. टाचणी टोचावी तसा, पण सहन होण्यासारखा. तरीही माझा हात आपोआप वर गेला. मी केला नाही, तो गेला. आणि यंत्र थांबलं. घरघर बंद झाली. कुणी कपाळ दाबलं नाही, झालं झालं म्हणालं नाही. खोलीत गार हवेच्या यंत्राचा आवाज तेवढा राहिला. मी अंधारात पडून होते आणि वाट बघत होते, आता सुरू करतील, आता करतील. नाही केलं. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. माझ्या लक्षात आलं की मी सांगेपर्यंत काहीच होणार नाही. छातीतली धडधड तशीच होती, ती गेली नाही, आजही दवाखान्याच्या पायरीवर ती असते. पण मी हात खाली घेतला आणि म्हणाले, "करा." त्या दिवशी माझा हात पुष्कळदा वर गेला. प्रत्येक वेळी यंत्र थांबलं.

माझं तोंड लख्ख वगैरे काही झालं नाही. पुढं आणखी खेपा झाल्या, लाली गेली, खड्डे उथळ झाले, काही राहिले ते आहेतच. पण त्या पहिल्या दिवशी बाहेर आलो तेव्हा भर दुपार होती. गाल किंचित सुजलेले, गरम. अप्पा आणि आई पुढं बसथांब्याकडे गेले होते. डॉक्टरीणबाईंनी ऊन लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं, आणि ते आत्यानं ऐकलं होतं. तिनं पिशवीतून बाप्यांची, लांब दांड्याची, भलीमोठी काळी छत्री काढली आणि उघडून माझ्या डोक्यावर धरली. रिक्षा मिळेना, म्हणून दुर्गदबैलच्या बाजारातून चालत निघालो. हातगाड्या, धान्याची पोती, कापडाच्या दुकानांतून बाहेर आलेली गिऱ्हाइकं, आणि त्या गर्दीत आत्या छत्री घेऊन. छत्रीच्या काड्या माणसांच्या पागोट्यांना, बायकांच्या अंबाड्यांना लागत होत्या. लोक वैतागून वळून बघत होते. सगळी सावली माझ्यावर होती आणि आत्या स्वतः उन्हात, कपाळावरून घाम निथळत, हात आखडला तरी न बदलता.

लिंबं विकणाऱ्या एका बाईच्या डोक्याला काडी लागली. ती ओरडली, "मळी एल्लैतिरी अक्का?" पाऊस कुठाय हो अक्का, एवढी छत्री कशाला?

"मळी अल्ल," पाऊस नव्हे, आत्या तिच्या त्या दूरच्या गावाशी बोलायच्या आवाजात म्हणाली, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा, "नम्म हुडुगी ऐति!" आमची पोर आहे!

आणि तिनं छत्री माझ्या बाजूला आणखी कलती केली.